आठ महिने डब्ल्यूगेट: डाउनलोड आणि त्याचा लॉग
मुलुंडच्या घरून गेले आठ महिने मी जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फाइली एका सर्व्हरवरून उतरवून घेत आहे. त्यासाठी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून, डब्ल्यूगेट हा दिलेल्या पत्त्यावरची फाइल उतरवून घेणारा प्रोग्रॅम वापरतो. पत्त्यांची यादी मजकूर फाइलीत ठेवायची, ती मायनस आय या पर्यायाने द्यायची आणि रात्री कमांड सुरू करून झोपायचे, असा क्रम आहे. १९९६ पासून चालत आलेला हा प्रोग्रॅम या कामाला आजही पुरून उरतो.

मायनस सी या पर्यायामुळे अर्धवट राहिलेली फाइल तुटली तिथूनच पुढे सुरू होते. मात्र जुलैच्या पावसात लाइन पूर्ण बंद न पडता नुसती थिजून राहायची, आणि मूळ सेटिंगप्रमाणे डब्ल्यूगेट अशा वेळी ९०० सेकंद, म्हणजे तब्बल पाव तास, उत्तराची वाट पाहतो. टाइमआउट ६० सेकंदांवर आणल्यानंतर रात्री वाया जाणे थांबले.

लॉगच्या, म्हणजे डाउनलोड कसे झाले याच्या नोंदवहीच्या, बाबतीत मला बरेच शिकावे लागले. डब्ल्यूगेटचे संदेश नेहमीच्या आउटपुटवर न जाता स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेने जातात, त्यामुळे साध्या 'मोठे-पेक्षा' चिन्हाने (>) आउटपुट फाइलीत वळवले तर लॉगची फाइल रिकामीच राहते. स्मॉल ओ हा पर्याय लॉग लिहितो खरा, पण दर वेळी आधीचा पुसून. कॅपिटल ओ तर लॉग नव्हे, डाउनलोड झालेला मजकूरच त्या नावाने साठवतो. म्हणून मी मायनस ए वापरतो, ज्यात नव्या नोंदी जुन्या नोंदींच्या खाली जोडल्या जातात.

या जुन्या नोंदींचे मोल ऑगस्टमध्ये कळले. एका अंकाची फाइल सर्व्हरवरच्या आकाराशी बाइटनबाइट जुळत होती, तरी उघडत नव्हती. हेड कमांडने तिची सुरुवात पाहिली, तर पीडीएफची खूण असायला हवी तिथे एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाचा, मजकूर होता. लॉगमध्ये मागे जाऊन पाहिल्यावर उलगडा झाला. दोन रात्री आधी सर्व्हरने त्या पत्त्यावर २०० हा यशाचा कोड देऊनही प्रत्यक्षात 'नंतर प्रयत्न करा' असे सांगणारे चार केबीचे पान पाठवले होते. लॉगमध्ये फाइलीची लांबी सांगणाऱ्या ओळीत शेवटी, जिथे फाइलीचा प्रकार येतो, चौकटी कंसात टेक्स्ट एचटीएमएल असे स्वच्छ लिहिलेले होते. दुसऱ्या रात्री मायनस सीने त्या पानालाच फाइलीचा पहिला तुकडा मानले आणि खऱ्या पीडीएफचा उरलेला भाग त्याला जोडला. आदल्या रात्रीचा लॉग पुसला गेला असता तर दोष नेमका कुठे शिरला हे मला कधीच समजले नसते.

लॉग आटोपशीर राहावा म्हणून मी काही आठवडे मायनस एनव्ही वापरत होतो. त्यात वेळ, पत्ता आणि आकार मिळतो, पण फाइलीचा प्रकार सांगणारी ही ओळ गाळली जाते, म्हणून तो पर्याय सोडला. त्याऐवजी प्रगती दाखवण्यासाठी डॉट मेगा ही शैली घेतली आहे. तिच्यात एक ठिपका ६४ केबीचा आणि पूर्ण ओळ ३ एमबीची असते, त्यामुळे मोठ्या अंकांचाही लॉग फुगत नाही.

आता सकाळी लोकल पकडण्यापूर्वी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने लॉगमध्ये टेक्स्ट एचटीएमएल शोधतो, सापडलेल्या फाइली आधी पुसतो आणि मगच त्यांचे पत्ते रात्रीच्या यादीत पुन्हा घालतो.