अंड्यातल्या रक्तवाहिन्या : नऊ महिने ‘कॅम’ वापरल्यावर

आमच्या वनस्पतीच्या अर्काने नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबतात का, हे बघायला सरांनी दोन पद्धती सांगितल्या होत्या. एक, जेलवर नाळेच्या शिरेतल्या पेशी पसरायच्या. दुसरी, कोंबडीच्या अंड्यातला पडदा, म्हणजे कॅम. नऊ महिन्यांनंतर माझा कल अंड्याकडे आहे आणि त्याला कारण नुसती स्वस्ताई नाही.

जेल उंदराच्या सार्कोमा या कर्करोगाच्या गाठीपासून काढतात. बर्फावर पातळ, जरा ऊब लागली की थिजतं, म्हणून पिपेटच्या टिप्ससुद्धा फ्रीजमध्ये. जमलं तर चार-सहा तासांत पेशी एकमेकींचा हात धरून जाळी विणतात, फोटो झकास येतात. पण त्यातून रक्त वाहत नाही. शिवाय फायब्रोब्लास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या न बनवणाऱ्या जोडऊतकातल्या पेशी, टाकून पाहिले, तर त्यांनीही बऱ्यापैकी तशीच जाळी केली. तेव्हाच माझा उत्साह ओसरला.

“ताई, खायची की उबवायची?” हॅचरीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं. बरोबरच होतं त्याचं, दुकानातली अंडी फलित नसतात. इनक्युबेटर 37.5 अंशांवर, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या दिवशी निमुळत्या टोकाकडून सिरिंजने 2-3 मिली पांढरं ओढून घेतलं की आतलं सगळं खाली बसतं, मग वरच्या बाजूला खिडकी कापायची. पहिल्या खिडकीतून लाल टिंब धडधडताना दिसलं, तेव्हा चिमटा खाली ठेवून मी नुसती बघत राहिले. (घरी अजून सांगितलेलं नाही, आमच्याकडे अंडं चालत नाही.)

आठव्या दिवशी पडद्यावर औषधात भिजवलेली कागदी चकती, अकराव्या दिवशी फोटो. सुरुवातीला चकतीभोवती सायकलच्या आऱ्यांसारख्या वाहिन्या दिसल्या आणि अर्क उलटंच करतोय की काय, म्हणून आम्ही हिरमुसलो. मग नुसत्या सलाइनच्या चकतीभोवतीही तेच! कवचाचा भुगा पडद्यावर पडला होता. त्याने सूज येते आणि सूज आली की वाहिन्या फुटतात. आता आधी कवचावर चिकटपट्टी लावते आणि पट्टीसकट कापते, भुगा तिलाच चिकटतो.

मोजणी हा मात्र खरा वैताग आहे. याच दिवसांत पडदा स्वतःच भराभर वाढत असतो, त्यामुळे वाहिनी नवी फुटली की जुनीच चकतीकडे ओढली गेली, हे डोळ्यांना सांगता येत नाही. दोघींनी, कुठल्या अंड्यात काय घातलंय हे न कळता, वेगवेगळं मोजायचं, एवढाच उपाय सापडला. मे महिन्यात वीज गेली आणि तीस अंडी एका रात्रीत गेली ती गेलीच. यूपीएस आधी घ्या, अंडी मग.

सुरामिन, म्हणजे वाहिन्या रोखणारं माहितीतलं औषध, त्याच्या चकत्यांनी दर बॅचला फांद्या कमी केल्या. आमच्या अर्काने दोनदा केल्या, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी अर्क नव्या पोत्यातल्या सालीचा होता. जुनी साल मूठभर उरली आहे, सोमवारी चाळीस अंडी सांगितली आहेत.