आठ महिने घरचा लिक्विड साबण वापरून: तेलापेक्षा पाण्यानेच जास्त रडवलं

आधीच सांगतो, पैसे वाचवायचे म्हणून करत असाल तर नका करू. २०२५ मध्ये खोबरेल तेलाचे भाव असे भडकले की माझा हिशोब दुसऱ्याच बॅचला कोलमडला. मी हौस म्हणून चालू ठेवलं, आणि आता आठ महिने घरात हात धुवायला हाच साबण आहे. भांड्यांचं जरा वेगळं झालं, ते पुढे येतं.

पुण्यात वाघोलीला राहतो, सोसायटीला बोअर आणि टँकर. हे मुद्दाम सांगतोय कारण माझी निम्मी कहाणी या पाण्याची आहे.

सुरुवातीला मला वाटायचं की चांगला साबण म्हणजे चांगलं तेल. म्हणून लाकडी घाण्याचं खोबरेल आणलं, महागाचं, छान वासाचं. आणि पहिली बॅच वाया गेली ती तेलामुळे नाही तर माझ्या तोंडामुळे. पेठेतल्या केमिकलच्या दुकानात जाऊन मी नुसतं "साबणाचं कॉस्टिक द्या" म्हणालो, त्याने कॉस्टिक सोडा दिला, जो वडीच्या साबणाला लागतो. लिक्विडला लागतं कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दोन्ही पांढरे तुकडे, पुडी बांधल्यावर काय कळणार. वजन पोटॅशचं धरलेलं आणि आत सोडा, म्हणजे अल्कली (तेलाचा साबण करणारा क्षार) गरजेच्या जवळजवळ दीडपट. अर्ध्या तासात पातेल्यात दगड झाला. कातून कपड्याला वापरू का असं आई म्हणत होती, मी हात लावू दिला नाही. तेव्हापासून पूर्ण नाव कागदावर लिहून नेतो आणि पॅकवरची शुद्धता बघून घेतो. मला मिळतं ते ९० टक्क्यांचं, आणि हा आकडा हिशोबात धरला नाही की तेल शिल्लक राहतं आणि साबण गढूळ होतो.

आता माझं सध्याचं माप. खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा २५०, एरंडेल ५०. ९० टक्केवालं पोटॅश ११७ ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. यात तीनेक टक्के तेल मुद्दाम जास्तीचं राहतं. सगळं वजनावर, वाटी-चमच्याचं इथे काम नाही, एक ग्रॅमचा काटा आधी घ्या. तेल बदललं तर पोटॅश परत काढायचं, कारण खोबरेलाला किलोमागे २५७ ग्रॅम शुद्ध पोटॅश लागतं आणि शेंगदाण्याला १९२च्या आसपास, सगळ्याला एकच माप लावलं की वाट लागते. पहिले दोन महिने मी खोबरेल ७० टक्के घालायचो, फेस जबरदस्त, पण हात असे कोरडे पडायचे की आई भांडी घासून झाल्यावर रोज तूप चोळत बसायची.

पोटॅश पाण्यात टाकायचं, पाणी पोटॅशवर कधीच नाही. चुर्र आवाज येतो आणि भांडं चटका बसेल इतकं तापतं, पहिल्यांदा घाबरायला होतं. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी, लहान मुलं बाहेर. आणि जर्मलचं पातेलं अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं आणि वर हायड्रोजन सुटतो. स्टीलच.

शिजवणं मात्र मजेचं आहे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात तेलाचं दुसरं पातेलं, तेलात हे पोटॅशचं पाणी, वरून हँड ब्लेंडर. आधी फुटलेल्या कढीसारखं दिसतं, मग पिठलं, मग एकदम चिक्कीच्या पाकासारखं ताणतं, डाव उभा राहतो आणि ब्लेंडर रडायला लागतो, तिथे ब्लेंडर बंद करून डावानेच हलवायचं. मग दर अर्ध्या तासाने एकदा ढवळायचं, तीन-चार तासांत व्हॅसलीनसारखं पारदर्शक होतं. चमचाभर पेस्ट गरम पाण्यात विरघळवून बघायची, पाणी स्वच्छ राहिलं तर झालं, दुधाळ झालं तर अजून शिजवा.

माझी ही दुधाळ भानगड तीन बॅच संपेना. पेस्ट अजून शिजव, तेल बदल, पोटॅश दोन ग्रॅम वाढव, सगळं करून झालं. शेवटी एका रविवारी सहज बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, तेच जे इन्व्हर्टरला घालतो, त्यात पेस्ट विरघळवली आणि ग्लासातून पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. म्हणजे पेस्ट पहिल्यापासून ठीक होती, बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरत होतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा साका होत होता! नळाच्या तोंडावर जो थर साचतो त्याचाच भाऊ. आता पाच लिटरचा कॅन आणतो. आरओचं पाणीही जवळपास तितकंच चालतं.

१०० ग्रॅम पेस्टला १२० ग्रॅम गरम पाणी घालून रात्रभर झाकून ठेवतो. सकाळी वर साय धरली असेल तर पाणी कमी पडलंय, थोडं घालायचं.

घाण्याचं तेलही सोडलं, लोक चिडतील पण सांगतो. त्यातला गाळ आणि वास दोन्ही साबणात उतरतात, शेंगदाण्याचा तर हात धुतल्यावर फोडणी दिल्यासारखा वास. साबणाला रिफाइंड बरं, घाण्याचं पोटात जाऊ द्या.

घट्टपणाची अपेक्षा ठेवू नका. खोबरेल जास्त असेल तर मीठ घालून काही होत नाही, उलट जास्त झालं की फाटतं. शेंगदाणा वाढवल्यापासून मिठाच्या पाण्याने थोडा दाट होतो. मी बोहरी आळीतून फेसवाल्या पंपाच्या बाटल्या आणल्या आणि विषय सोडून दिला.

पावसाळ्यात पोटॅशचा डबा नीट बंद न राहिल्यामुळे तुकडे ओले होऊन चिकटले. ओलावा धरला की वजन भरतं पण जोर कमी, ती अख्खी बॅच तेलकट झाली. आता एकदा लागेल तेवढंच घेतो.

सोसायटीत एका काकूंनी लिंबाच्या सालींचं बायोएंझाइम दिलं, यात मिसळ म्हणाल्या, दुप्पट साफ होईल. मिसळलं आणि दोन मिनिटांत दही. आंबट काहीही घातलं की साबण फुटून तेलातली आम्लं सुटी होतात, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, बायोएंझाइम वेगळं वापरा. कडुलिंबाचा काढा घालायचाही मोह झाला होता, पंधरा दिवसांत बाटलीतून कुबट वास, फेकला.

भांड्यांचं असं झालं की मावशींनी चार दिवस वापरून बाटली ओट्यावर बाजूला सरकवली. "दादा, फेस येतो पण ताटं निसरडी राहतात." खरंच होतं, कढईचं तेल मस्त निघतं पण बोअरच्या पाण्यात स्टीलवर पांढुरका थर राहतो. मग ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व १० ग्रॅम पोटॅशच्या पाण्यातच आधी घालून बघितलं, त्यासाठी पोटॅश आणखी नऊ-दहा ग्रॅम वाढवावं लागतं, नाहीतर तेच साबण फोडेल. त्याचं सायट्रेट, म्हणजे लिंबूसत्त्वाचा क्षार, होतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. थर कमी झाला, गेला नाही. मावशींना पूर्वीची वडी परत आणून दिली, त्या खूश.

केसांना एकदाच लावला, झाडूसारखे झाले. आईच्या रेशमी साड्यांना हा नाहीच, त्यांना आजही रिठाच.

सध्या फ्रीजवर पेस्टचा अर्धा डबा आहे, गणपतीपर्यंत पुरेल. पुढची बॅच एरंडेल वगळून करायची आहे, त्यानेच पातळपणा येतोय असा मला संशय आहे.