वीस किलोचा रॉड आणि चौथी कडी

मागच्या वर्षी मार्च महिन्यात मी पुण्यातील एका दुकानातून ६,८०० रुपयांना मासेमारीचा एक रॉड विकत घेतला, ज्याच्या बॉक्सवर ‘९९ टक्के कार्बन’ आणि ‘क्षमता २० किलो’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पाच आठवड्यांनी तो उजनीच्या पाणफुगवट्यावर साडेतीन किलोच्या ताणाला मोडला. मी काही नवशिक्या नाही. भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात गेली नऊ वर्षे हौसेने गळ टाकतो आहे. तरीही मी फसलो, आणि ज्या युक्तीने फसलो ती भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर वापरली गेली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मला रॉड हवा होता तो शिवड्यासाठी. चपटे डोके, डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेले तोंड आणि जबड्यात बारीक, तीक्ष्ण दातांच्या रांगा असलेला हा मासा गळाला लागला की उसळ्या मारण्याऐवजी खोल पाण्याकडे तोंड करून जडपणे ओढू लागतो. अशा वेळी काठीचे टोक कितीही नाजूक असले तरी चालते, पण मुठीपासून मध्यापर्यंतचा भाग वाकून ताण पेलणारा आणि माशाने दम घेताच त्याला वर उचलणारा असावा लागतो. माझ्या जुन्या हलक्या रॉडने मरळ आणि लहान शिंगटे निघत, पण मोठ्या माशापुढे तो मुठीपर्यंत वाकून राही.

दुकानदाराने माझी गरज शांतपणे ऐकून घेतली आणि प्रात्यक्षिकासाठी बाहेर लावलेला एक रॉड हातात घेतला. पाच लिटर पाण्याचा कॅन दोराला बांधून त्याने तो जमिनीपासून हातभर उचलला, दहा-बारा सेकंद तसाच धरला आणि म्हणाला, “सर, हे पाच किलो तर निर्जीव वजन आहे. पाण्यातला मासा याच्या निम्म्यानेही जड लागत नाही.” दोर रिळातून निघून, ज्या कड्यांतून तो काठीच्या टोकापर्यंत न्यायचा असतो त्यांपैकी चौथ्याच कडीतून बाहेर आला होता, वरच्या चार कड्या रिकाम्या होत्या. मी ते पाहिले, विचारलेही. टोकापर्यंत दोर ओवायला वेळ जातो, असे उत्तर मिळाले आणि मला ते पटले. त्यानंतर त्याने आतून एक बंद बॉक्स आणला, “हाताळलेला कशाला, कोरा पीस न्या” म्हणाला, आणि या आपुलकीचेही मला बरेच वाटले. घरी आल्यावर रॉड अपेक्षेपेक्षा जड लागला, तेव्हा ते वजन मी मजबुतीचे लक्षण मानले.

एप्रिलच्या अखेरीस सूर्यास्तानंतर तासाभराने मासा लागला. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीळ दोर सोडू लागेल ते ठरवणारा ब्रेक, मी निघण्यापूर्वीच प्रवासी बॅगा मोजण्याच्या काट्यावर साडेतीन किलोला बसवला होता. दोर ३० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंना तुटणारा होता आणि ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवण्याची रीत मी पाळतो. याचा अर्थ असा की मासा कितीही मोठा असला तरी रॉडवर साडेतीन किलोंहून फारसा अधिक ताण येण्याआधीच रीळ दोर सोडू लागणार होते. ते सोडतही होते. माशाने दोन वेळा दोर नेला, तिसऱ्या वेळी काठी सांध्याच्या वीतभर वर कडकन मोडली आणि मोडलेल्या नळीच्या धारेवर घासून दोर क्षणात तुटला. पोलादी तारेचा तुकडा, गळ आणि पंधरा-वीस मीटर दोर घेऊन मासा गेला. शिवडा आज जगभरात धोक्यात आलेल्या माशांपैकी एक मानला जातो आणि मी तो मोजून परत सोडतो. त्यामुळे पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा तोंडात गळ आणि मागे फरफटणारा दोर घेऊन तो कुठेतरी अडकला असेल, हा विचार मला आजही अधिक छळतो.

काठावर जाळे आवरत असलेले एक वृद्ध मच्छीमार जवळ आले. त्यांनी तो तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, “सायेब, ही काठी न्हवं, उदबत्ती हाय.”

दोष माझाच असावा, अशी शंका प्रथम मलाही आली, कारण मासा जवळ आल्यावर काठी उभ्या रेषेच्याही मागे नेली तर सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि उत्तम कंपनीचा कार्बन रॉडही तुटतो. परंतु त्या चुकीने काठी टोकाकडे मोडते, सांध्याजवळच्या जाड भागात नव्हे. शिवाय मासा तेव्हा बराच दूर होता. दुसऱ्या दिवशी मी मोडलेली कड उन्हात नीट पाहिली. कार्बनची नळी आतपर्यंत काळी असते, ही आतून पांढरट होती. काळेपणा फक्त रंगाचा होता आणि कार्बनच्या विणीची जी सुंदर नक्षी दिसत होती ती लाखेखाली चिकटवलेल्या छापील कागदाची होती. नळीची जाडी एका बाजूला दुसरीच्या जेमतेम निम्मी होती. कार्बनमधून वीज वाहते (म्हणूनच विजेच्या तारांखाली असा रॉड उभा धरू नये), तेव्हा कडेवरचा रंग खरवडून मी मल्टिमीटरची दोन्ही टोके लावली. काटा हलला नाही.

फायबरग्लास असणे हा मुळात दोष नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. मोठ्या शिवड्यासाठी चांगल्या फायबरग्लासचा किंवा कार्बन-ग्लास मिश्रणाचा रॉड मी स्वतःच पसंत करीन, कारण तो जड असला तरी अधिक वाकतो, खडकावर आपटला तरी सहज तडकत नाही आणि हाताळणीतील चुका पोटात घालतो. असा रॉड बराच कमी किमतीत मिळतो. मला मात्र असमान जाडीची ग्लासची नळी कार्बनच्या भावाने विकली गेली.

‘२० किलो’ या आकड्याचेही तसेच. नावाजलेल्या रॉडवर मुठीच्या वर दोन मापे लिहिलेली असतात: कोणत्या ताकदीचा दोर वापरावा ते पौंडांत आणि किती वजनाचे आमिष फेकावे ते ग्रॅममध्ये किंवा औंसात. काठी किती किलो उचलते, असे तिसरे माप नसते, कारण लांब काठी ही माणसाच्या विरुद्ध काम करणारी तरफ आहे. चौथ्या कडीचे रहस्यही त्यातच आहे. घरी मी जुन्या रॉडवर हा प्रयोग करून पाहिला: दोर चौथ्या कडीतून काढला तेव्हा पाच लिटरचा कॅन सहज उचलला गेला, कारण भार केवळ खालच्या जाड भागावर येत होता, तोच दोर टोकाच्या कडीतून ओवला तेव्हा तीन लिटरलाच माझे मनगट थरथरू लागले. म्हणून चाचणी घ्यायचीच तर जो पीस आपण नेणार आहोत तोच बॉक्समधून काढावा, दोर शेवटच्या कडीतून ओवावा, तो काट्याला बांधून काठी जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत धरावी आणि आपल्या ड्रॅगइतका ताण द्यावा. वाक टोकाकडून मुठीकडे सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच कोपरासारखा कोन दिसला तर तो पीस घेऊ नये. दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये सांधा उघडला की नळीची कड समोर दिसते, आणि जाडी व आतला रंग पाहायला दहा सेकंद पुरतात. मी ती दहा सेकंदे दिली नाहीत.

बॉक्सवर आयातदाराचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमतही नव्हती. आयात करून वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर वैध मापन शास्त्राच्या २०११च्या नियमांनुसार या गोष्टी छापणे बंधनकारक आहे. पक्के बिल मागितले तेव्हा ‘जीएसटी वाचेल’ या सबबीखाली मला ‘रॉड १ नग’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी मिळाली होती आणि ती मी निमूटपणे घेतली. तुकडे घेऊन दुकानात गेलो असता, तुम्ही रॉड चुकीचा धरलात, असे सांगण्यात आले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर सूर थोडा मवाळ झाला आणि त्याच गठ्ठ्यातील दुसरा बंद बॉक्स फुकट देण्याची तयारी दाखवण्यात आली, जी मी नाकारली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पुरावा म्हणून माझ्याकडे यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, बॉक्सची छायाचित्रे आणि रॉडचे दोन तुकडे आहेत. चिठ्ठीवर ‘कार्बन’ हा शब्द नाही, ही माझ्या बाजूची सर्वांत कच्ची कडी आहे.

गेल्या महिन्यात त्या रस्त्याने जाताना दुकानासमोर दोन तरुण उभे दिसले. कॅन हवेत लटकत होता आणि दोर चौथ्याच कडीतून बाहेर आला होता. मी थांबून त्यांना तेवढे दाखवले, आणि दुकानदार आतून बाहेर येईपर्यंत त्यांनी टोकाच्या कडीतून दोर ओवायला घेतला होता.