पर्वरीच्या पाळणाघराचा रिव्ह्यू, मुख्यतः त्यांच्या हँडबुकबद्दल

आमची बाय आठ महिन्यांची असल्यापासून गोव्यात पर्वरीतल्या या पाळणाघरात जाते, आता अडीच वर्षांची होईल, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. खेळणी, भिंतींवरची चित्रं, बागेतली घसरगुंडी हे सगळं फोटोत दिसतंच, त्यावर मी लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते ॲडमिशनच्या आधी हातात दिलेल्या हँडबुकबद्दल आणि त्यात जे लिहिलंय ते रोज खरंच तसं होतं का त्याबद्दल, कारण पाळणाघर निवडताना मी आता सगळ्यात आधी तेच बघा म्हणून सांगते.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती, नाव घेत नाही. तिथे लिहिलेलं काहीच नव्हतं. काहीही विचारलं की एकच उत्तर, आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं ताई, तुम्ही काळजी करू नका. एका बाईकडे किती बाळं असतात विचारलं तर ते मुलांवर अवलंबून आहे म्हणे, आणि दुपारी मधेच येऊन बघितलं तर चालेल का विचारलं तर मुलं डिस्टर्ब होतात म्हणून नाही. डिपॉझिटची पावतीसुद्धा देत नव्हते. मी तिथूनच परत फिरले.

त्याच सुमाराला माझी नणंद, ती न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिने तिच्या मुलाच्या डेकेअरचं हँडबुक पाठवलं आणि मी ते रात्री बसून पूर्ण वाचलं. तिकडे लायसन राज्य सरकार देतं, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत 13 वर्षांखालची सहा किंवा जास्त मुलं सांभाळायची असतील तर लायसन लागतंच आणि ते दर्शनी भागात लावावं लागतं. दीड वर्षाखालच्या चार बाळांमागे एक माणूस, दीड ते अडीच वर्षांच्या सहा मुलांमागे एक, अडीच ते चार वर्षांच्या दहा मुलांमागे एक, असं नियमातच लिहिलंय. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पालकाने कधीही न सांगता यावं, त्याला अडवता येत नाही, आणि हे पालकाला लेखी कळवणं हीसुद्धा सेंटरचीच जबाबदारी.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही, लोकांना वाटतं तसं. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता यायला हवं, असं आलं. माझं पणजीत पाटोवरचं ऑफिस छोटं आहे, पन्नासात बसत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना बाहेरच शोधावं लागतं. 2018 ला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन ते सहा वर्षांच्या प्लेस्कूलसाठी राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या सूचना आहेत, त्यात वीस मुलांमागे एक टीचर धरलीय. आणि आपल्या गोव्याचा 2003 चा बाल कायदा आहे, ज्याने शाळांमधली मारहाण बंद केली आणि ज्याच्यामुळे पणजीत मुलांसाठी वेगळं कोर्ट आलं. पण हे सगळं असूनही माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या ताईकडे अजून किती बाळं आहेत याचं उत्तर मला पाळणाघराकडूनच लेखी घ्यावं लागतं, दुसरं कोणी देत नाही.

इथे ते मिळालं. वीस पानांची साधी स्पायरल बाइंडिंगची वही, पहिल्याच पानावर लिहिलेलं की एक वर्षाखालच्या चार बाळांमागे एक ताई, एक ते दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, आणि एखादी ताई सुट्टीवर गेली तर तिच्या जागी कोण येणार तेही. फी भरायच्या आधी वही घरी न्या, वाचा, प्रश्न लिहून आणा, मग सही करा, असं टीचर स्वतःच म्हणाल्या. आम्ही प्रश्न विचारले तेव्हा कपाळाला आठ्या नाही पडल्या, एका प्रश्नावर तर त्यांनी वहीत दुरुस्ती करून पुढच्या प्रिंटमध्ये घातली, औषधाच्या फॉर्मवर वेळेसोबत डोससुद्धा लिहायला जागा हवी हे माझं म्हणणं होतं.

आता वहीतलं प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. पिकअपचा नियम असा की फॉर्मवर ज्यांचे फोटो आणि नावं आहेत त्यांच्याच हातात मूल द्यायचं, दुसरं कोणी येणार असेल तर आईने किंवा वडिलांनी रजिस्टर केलेल्या नंबरवरून नाव कळवायचं आणि येणाऱ्याने गेटवर ओळखपत्र दाखवायचं. एकदा माझा भाऊ सावंतवाडीहून आला होता, भाचीला सरप्राइज द्यायचं म्हणून मला न सांगता थेट पाळणाघरात गेला. बाय त्याला बघून मामा मामा करत गेटपर्यंत धावत आली, अंगणातून हात वर करून उचल म्हणत होती, तरी ताईंनी गेट उघडलं नाही. तिला कडेवर घेतलं, मामाला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होते, फोन उचलला नाही, मग नवऱ्याला केला, त्याने मेसेज टाकला, भावाने आधार कार्ड दाखवलं, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही केली, मग मुलगी हातात. भाऊ संध्याकाळी कुरकुरत होता, पोर अंगावर झेपावतेय आणि ह्यांना अजून कागद पाहिजे. मी त्याला म्हटलं, दादा, तू नसून दुसरा कोणी असता आणि त्याच्या हातात चॉकलेट असतं तरी बाय अशीच धावली असती. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या ताईंचे मुद्दाम आभार मानले. पोरगी रडतेय, मामा चिडलाय, अशा वेळी नियमाला धरून राहायला हिंमत लागते, आणि त्या ताई काही मालकीण नाहीत, पगारावर काम करणारी बाई आहे, हे लक्षात घ्या.

झोपेच्या नियमावरून घरात मोठी चर्चा झाली होती. एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवरच झोपवायचं, पाळण्यात उशी नाही, गोधडी नाही, मऊ खेळणं नाही. आमच्या सासूबाईंनी डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून दिली होती आणि ती पाळणाघरात घेतली नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का, असं. टीचरनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं की बाळाचं नाक उशीत दबलं तर त्याला मान वळवता येत नाही, अमेरिकेत 1994 पासून बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम चालवली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप खाली आलं. उशी त्यांनी परत घरी पाठवली, अगदी नीट घडी घालून पिशवीत. सासूबाईंना पटायला वेळ लागला पण नंतर त्याच शेजारणीला सांगत होत्या.

आजारपणाचा नियम कडक आहे आणि नोकरी करणाऱ्या आईला तो जड जातो हे मी मान्य करते. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला की न्यायला या, आणि पॅरासिटामॉल न देता 24 तास ताप नसेल तरच परत आणा. जूनपासून गोव्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ येतेच, हँड फूट माउथ, तेव्हा गेटवर पाटी लागते की या गटात एक केस आहे, मुलाचं नाव न लिहिता, आणि खेळणी रोज धुतात. आम्हाला त्या पावसात बऱ्याच सुट्ट्या टाकाव्या लागल्या, बॉसचं तोंड वाकडं झालं. पण तापलेली मुलं सकाळी औषध पाजून सोडून जाणारे पालक मी दुसरीकडे पाहिलेत, मग संध्याकाळपर्यंत अख्खा गट आजारी. हा नियम सगळ्यांना सारखा लावतात, ओळखीच्या डॉक्टरबाईंच्या मुलालासुद्धा परत पाठवलेलं मी बघितलंय.

डब्याबद्दल लिहिलंय की तीन वर्षांखालच्या मुलांना चणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, जत्रेतलं खाजं नाही, आणि मासा दिला तर काटे पूर्ण काढून, तोही सुट्टा करून. दुपारी ते पेज आणि भाजी देतात, खाल्लं नाही तर जबरदस्ती नाही, आणि खाल्लं नाही म्हणून खेळायला बंदी पण नाही. मारणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, बागुलबुवा दाखवणं, आई येणार नाही असं म्हणणं, यातलं काहीही चालणार नाही असं स्पष्ट शब्दांत आहे आणि खाली मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 नंबर छापलाय. ह्या ओळीवरून हात फिरवून मी सही केली होती.

आता जिथे कमी पडतात तेही लिहिते. हँडबुक फक्त इंग्लिशमध्ये आहे. बऱ्याच मुलांना सोडायला आणायला आजी आजोबा येतात, त्यांना सगळे नियम तोंडी सांगावे लागतात आणि तोंडी सांगितलं की निम्मं विसरतं. मराठी आणि कोकणीत करा म्हणून मी लिहून दिलंय, करतो म्हणतात, वर्ष होऊन गेलं. निदान आजाराचं, डब्याचं आणि पिकअपचं पान तरी करा, तीन पानं आहेत, मी स्वतः बसून लिहून द्यायला तयार आहे.

उशीर झाला तर पंधरा मिनिटं सूट आणि नंतर चार्ज लागतो. तत्त्व पटतं, ताईंनाही घर आहे, पण पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून मांडवी पुलावरून वर यायलाच किती वेळ लागेल सांगता येत नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा फोन आधी आला तर थोडी जास्त सूट द्यायला हवी असं मला वाटतं. रेड अलर्टच्या दिवशी पण असंच, शाळांना सुट्टी जाहीर झाली की हे पण बंद ठेवतात आणि आपलं ऑफिस मात्र चालू, हे ॲडमिशन घेतानाच गृहीत धरा. बाकी सुट्ट्यांची यादी जूनमध्येच मिळते, चवथीला पाच दिवस, दिवाळी, 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, नाताळ, त्यामुळे रजा आधी टाकता येते.

सीसीटीव्ही आहेत पण मोबाईलवर लाइव्ह बघायला देत नाहीत, काही पालक यावरून नाराज आहेत. मला त्यांचं बरोबर वाटतं, माझ्यासोबत इतर सोळा घरांनी माझ्या मुलीचं डायपर बदलताना बघावं असं मला नकोय. त्याऐवजी कधीही येऊन बघा असा नियम आहे आणि तो खरा आहे, मी दुपारी दोनला न सांगता गेलेय, बाहेर चप्पल काढा, हात धुवा आणि आत या, बास. एकदा सगळी झोपलेली होती, एक ताई मधे बसून भाजी निवडत होती आणि दर थोड्या वेळाने उठून प्रत्येक पाळण्यात वाकून बघत होती, कोणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं.

सोडायचं असेल तर एक महिना आधी लेखी सांगायचं, डिपॉझिट परत मिळतं, माझ्या मैत्रिणीला मडगावला बदली झाल्यावर आठवड्याभरात परत मिळालं. फी आसपासच्या जागांपेक्षा जास्त आहे, पण चार बाळांमागे एक माणूस ठेवायचा तर ती तेवढी लागणारच हे हिशेब घातलात तर कळेल.

लहान बाळांच्या गटात जागा कमी असतात आणि मार्च-एप्रिलमध्येच भरतात, तर रजा संपायची वाट बघू नका, बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच नाव लावून ठेवा. चौकशीला सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा मुलं अंगणात असतात आणि टीचरना बोलायला वेळ असतो. लसीकरणाचं कार्ड, बाळाचा आणि तिघा-चौघा पिकअपवाल्यांचा फोटो सोबत न्या. आणि सोबत आजी येणार असतील तर त्यांनाही आत घेऊन जा, इथे त्यांच्याशी बोलतात.