आभासी पात्रं की खरे मित्र? किशोरांवर प्रयोग करण्याआधी

आठवी-नववीतली मुलं चारचौघांत निर्णय कसे घेतात, यावर लघुशोधप्रबंध करायचा असेल तर पहिला मोह प्रश्नावलीचा होतो. स्वस्त आणि झटपट! पण ‘वर्गातल्या एकाला खेळात घेत नसतील तर काय कराल?’ याला मुलं मूल्यशिक्षणाच्या तासाचं उत्तर देतात. म्हणून आभासी पात्रं: संगणकाने चालवलेले सोबती, ज्यांच्यासमोर मूल खरोखर कसं वागतं ते पाहता येतं.

त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे सायबरबॉल, खेळातून वगळलं जाण्याचा अनुभव देणारा चेंडूफेकीचा संगणकी खेळ. बागेत बसलेल्या मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांच्यापाशी एकदा फ्रिस्बी आली. त्यांनी ती परत फेकली, दोघा अनोळखी खेळाडूंनी त्यांना थोडा वेळ खेळात घेतलं आणि मग न बोलता वगळलं. पडद्यावर तेच घडतं: संगणकाच्या हातातली दोन चित्रं मुलाला आधी चेंडू देतात, मग आपापसातच खेळतात. ‘समोर खरे खेळाडू नाहीत हे मुलांना कळेल की!’ ही धास्ती रास्त आहे. तरी 2004च्या एका प्रयोगात, समोर संगणक आहे हे माहीत असूनही लोक दुखावलेच. 2010च्या अभ्यासात किशोरवयीन मुलींचा मूड प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त उतरला. पण ही भावना झाली, निर्णय नव्हे. निर्णय हवा तर डाव उलटा करा: दुसऱ्या पात्राला वगळलं जाताना दाखवा आणि मूल चेंडू कोणाकडे टाकतं ते मोजा.

दुसरा पर्याय व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटचा. त्यातली पात्रं नजरेला नजर देतात, जवळ येतात, आणि प्रत्येक मुलासमोर अगदी तशीच वागतात. आभासी वास्तवाचे संशोधक मेल स्लेटर यांच्या 2006च्या प्रयोगात सहभागींनी एका आभासी बाईला विजेचे झटके द्यायचे होते; ती खोटी आहे हे ठाऊक असूनही त्यांच्यावर ताण दिसला. तरीही खर्च, गरगरणं, चश्मा असलेल्या मुलांची अडचण हे सगळं आलंच. अंतर किंवा नजर हाच तुमचा प्रश्न नसेल तर या फंदात पडू नका.

धोका पत्करण्याचा विषय असेल, तर मी मात्र खरेच मित्र घेईन. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये 306 जणांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला. सोबत समवयस्क असताना किशोरांनी एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करला, प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. अडचण एवढीच की खरे मित्र खिदळतात, खाणाखुणा करतात, आणि प्रत्येक गट वेगळा वागतो.

काहीही निवडा, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतील. सायबरबॉल असेल तर मूल खोलीबाहेर पडण्याआधीच सांगा की चेंडू न देणारा संगणक होता, आणि मग सगळ्यांना चेंडू मिळेल असा एक डाव खेळू द्या.