गोष्टीतून योगा : कार्डांचा संच सहा महिने वापरून झाल्यावर

सहा महिने झाले हा संच वापरतेय, दर आठवड्याला एक सेशन, १० ते १२ मुलं, वय ३ ते ६. घेण्याआधी मी पण खूप रिव्ह्यू शोधले होते आणि सगळीकडे नुसतं 'मुलांना खूप आवडला' एवढंच होतं, वापरायचा कसा, कुठे अडतं, कोणती कार्डं बाजूला ठेवावी लागतात हे कोणीच लिहिलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डब्यात ४८ कार्डं आहेत, ६ थीम, प्रत्येक थीमची ८ कार्डं: जंगल, समुद्र, पाऊस, बाग, अंतराळ आणि रात्र. पुढे चित्र, मागे गोष्टीचा तुकडा आणि आसन कसं करायचं ते दोन ओळीत. सोबत एक छोटी घंटी, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सेशनच्या प्लॅनची पुस्तिका. चित्रं खरंच सुंदर आहेत, आणि आसन करणारी मुलं अगदी साधी दाखवलीत, कोणाचा गुडघा वाकलाय, कोणाची टाच उचललीय, हे मला फार आवडलं कारण बऱ्याच ठिकाणी मुलांच्या योगाच्या फोटोत इतकी लवचिक मुलं असतात की आपल्या समोरचं मूल बघून आई-बाबांना उगाच वाटतं आपल्याला जमत नाहीये.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हा संच मनापासून चांगला म्हणेन. इथे आसन गोष्टीतून येतं. याआधी मी जे काही वापरलं त्यात गोष्ट एकीकडे चालू आणि मधेच 'चला आता सगळे मांजर व्हा', मग परत गोष्ट, त्यात मुलांची तार तुटायची. यात पावसाची थीम बघा, ढग वर चढतात तेव्हा चवड्यावर उभं राहून हात वर म्हणजे ताडासन, वारा सुटतो आणि झाडाला एका पायावर तोल सांभाळायचाय म्हणून वृक्षासन, मग बेडूक जागा होतो, बिळात पाणी शिरलं म्हणून साप बाहेर येऊन मान वर काढतो ते भुजंगासन, आणि शेवटी पाऊस थांबल्यावर बी मातीत गुडुप झोपतं, म्हणजे गुडघे दुमडून बसून कपाळ जमिनीला टेकवायचं, ते बालासन. सापाने मान वर काढली नाही तर गोष्ट पुढेच जात नाही, त्यामुळे मुलं स्वतःहून करतात, मला एकदाही 'करा ना रे' म्हणावं लागलं नाही.

आणि क्रम पण बघा किती विचार करून लावलाय, आधी उभी आसनं, मग बसून, मग पोटावर, मग झोपून. ऐकायला छोटी गोष्ट वाटते पण ज्याने १२ मुलांना एकदा खाली झोपवून परत उभं केलंय त्याला विचारा! समुद्राच्या थीममध्ये हेच गंडलंय, मासा आडवा, मग होडी बसून, मग दीपस्तंभ उभा, मग परत आडवा खेकडा, पहिल्या वेळी नुसता गोंधळ झाला. आता मी दीपस्तंभ पहिला घेते, होडी मधे, मासा शेवटी, गोष्टीत दोन वाक्यं बदलली की काम होतं.

काही कार्डं मी सरळ काढून ठेवलीत. जंगलातल्या वटवाघळासाठी शीर्षासन दिलंय, भिंतीच्या आधाराने असं लिहिलंय तरी या वयाला डोक्यावर आणि मानेवर भार नकोच, माझ्याकडे वटवाघूळ उभं राहून कमरेतून खाली वाकतं आणि हात लोंबकळत सोडतं, मुलांना पायांमधून उलटं जग दिसतं आणि तेवढ्यावर ती खूश असतात. माशासाठी पूर्ण मत्स्यासन आहे, मान मागे टाकून, ते पण नाही, आम्ही पोटावर झोपून पाय हलवत पोहतो. आणि अंतराळाच्या थीममध्ये रॉकेट सुटायच्या आधी पाच आकडे श्वास रोखून धरा असं लिहिलंय, लहान मुलांना श्वास रोखायला लावू नये, त्याऐवजी आकडे मोठ्याने मोजायचे आणि 'शून्य'ला जोरात फूऽऽ करून सोडायचं, मजा तीच राहते.

बेडकाच्या कार्डावर मंडूकासन लिहिलंय पण चित्रात मूल उकिडवं बसून उडी मारतंय, खरं मंडूकासन वज्रासनात बसून करतात. छोट्यांसाठी उकिडवं बसणंच बरं, फक्त नाव तसं द्यायला नको होतं. नाहीतर बाकी प्राण्यांची नावं अगदी जमलीत, आणि त्यात नवल नाही कारण आसनांची ही परंपराच प्राण्यांची आहे, घेरंड संहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की जितके जीव तितकी आसनं, ८४ लाख, त्यातली ३२ माणसाच्या कामाची, आणि त्या ३२ मध्ये साप, मासा, कासव, बेडूक, मोर, उंट, सिंह, गरुड सगळे आहेत. मी हे मोठ्या गटाला सांगितलं तर त्यांनी लगेच स्वतःची आसनं बनवायला घेतली, गोगलगायीचं आसन म्हणून एक मुलगा पाठीवर उशी ठेवून दहा मिनिटं सरपटत होता, त्या दिवशी प्लॅन बाजूला ठेवला आणि तेच केलं.

पुस्तिकेतल्या प्लॅनबद्दल मात्र तक्रार आहे. ३० मिनिटांत १२ आसनं, दोन खेळ आणि चित्र रंगवणं, हे कोणी खऱ्या मुलांबरोबर करून बघितलं असेल असं वाटत नाही. माझं आता असं बसलंय, ३ मिनिटं गोल करून बसणं आणि नमस्काराचं गाणं, ५ मिनिटं अंग मोकळं करणं, १२ ते १५ मिनिटं गोष्ट आणि त्यात जास्तीत जास्त ६ आसनं, ५ मिनिटं घंटी वाजली की पुतळा व्हायचा खेळ, आणि उरलेला वेळ शांत पडणं. एक आसन ३ ते ५ श्वास, बस, ३ वर्षांचं मूल एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहिलं तरी खूप झालं, झाडाला भिंत धरू द्या नाहीतर दोघांनी एकमेकांचे तळवे टेकवून 'जोडझाड' करू द्या. आणि एक थीम तीन आठवडे तरी चालवा. पुस्तिका म्हणते दर वेळी नवीन थीम, मी पण आधी तसंच केलं, पण मुलांना तीच गोष्ट परत हवी असते, दुसऱ्या आठवड्यात ती पुढचं वाक्य स्वतः म्हणतात, तिसऱ्या आठवड्यात साप कोण होणार यावर भांडतात आणि आसन शरीरात बसतं ते तेव्हाच.

एक टीप जी पुस्तिकेत असायलाच हवी होती, समोर उभं राहून दाखवताना तुम्ही आरशासारखं करा, त्यांना उजवा पाय म्हणायचं असेल तर तुम्ही डावा उचला. मला हे कळेपर्यंत अर्धा वर्ग उलट्या बाजूला वळायचा.

श्वासाची कार्डं अप्रतिम. बागेत फूल हुंगा मग शेवरीचा कापूस फुंका, मधमाशीचं भ्रामरी कान बंद करून हंऽऽ, आणि रात्रीच्या थीममध्ये पोटावर छोटं खेळणं ठेवून त्याला झोका द्यायचा, पोट वर-खाली होतं तसं खेळणं हलतं. श्वास म्हणजे काय हे मी कितीही बोलून सांगितलं असतं तरी कळलं नसतं तितकं त्या एका झोक्याने कळलं.

शवासनासाठी मात्र वाळूचं घड्याळ वापरू नका, सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच. आणि कार्डावर 'डोळे बंद' असं लिहिलंय ते पण सक्तीचं करू नका, काही मुलांना पाठीवर झोपून डोळे मिटायची भीती वाटते, त्यांना मकरासनात पोटावर किंवा बालासनात राहू द्या. माझ्याकडे एक मुलगी पहिले तीन आठवडे टेबलाखाली बसून फक्त बघायची, मी तिला ओढलं नाही, दर वेळी एक कार्ड तिच्याजवळ ठेवायचे. चौथ्या आठवड्यात जंगलाच्या गोष्टीत सिंह आला आणि टेबलाखालून जीभ बाहेर काढून अशी डरकाळी आली की सगळा वर्ग थांबला. नंतर तिची आई म्हणाली की ती घरी रोज पूर्ण गोष्ट करून दाखवत होती! बघणारं मूल पण भाग घेत असतं हे मी तेव्हापासून सगळ्या पालकांना सांगते.

बाकी बारीकसारीक. कार्डांवरचं कोटिंग गुळगुळीत आहे, जमिनीवर पसरून त्यावर उड्या मारायचा खेळ पुस्तिकेत दिलाय तो अजिबात खेळू नका, एक मूल घसरलंच, नशीब लागलं नाही, मी आता कार्डं दोरीवर चिमट्याने लावते. मागची अक्षरं बारीक आहेत, एका पायावर उभं राहून वाचता येत नाहीत, त्यामुळे गोष्ट आदल्या दिवशी पाठ करावीच लागते, तशीही ती पाठच हवी, वाचून सांगितली की मुलांच्या डोळ्यात बघता येत नाही. जेवणानंतर लगेच घेऊ नका आणि मोजे काढायला लावा, एवढं पाळलं की झालं.

घ्यावा का? मुलं दिवसभर घरात असतात आणि पालकांना स्क्रीनशिवाय काहीतरी हवंय तर नक्की घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली ६० मिनिटं तरी चांगली धावपळीची, हे अर्ध्या तासाचं सेशन त्यातला एक छोटा भाग, मैदानाची जागा ते घेऊ शकत नाही. बालवाडीच्या ताईंनी घ्यावाच, पण पुस्तिका बाजूला ठेवून. ७ वर्षांच्या वरच्यांना गोष्टी बाळबोध वाटतील.

बनवणाऱ्यांनी हे वाचलं तर एवढीच विनंती, पुढच्या छपाईत शीर्षासन आणि श्वास रोखायचं कार्ड काढा, मागची अक्षरं मोठी करा, आणि प्रत्येक थीममध्ये एक कोरं कार्ड ठेवा. आमच्या गोगलगायीला जागा हवीय.