रामदासपेठेतलं एक लेडीज क्लिनिक, पॅप स्मिअरसाठी: डॉक्टर भारी, रिसेप्शन बेकार

आईचा पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन करतात ती कॅन्सरची तपासणी) दुसऱ्याच एका लॅबमधून ॲबनॉर्मल आला होता, रिपोर्टवर नुसतं एएससी-यूएस, म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण नेमकं काय ते ठरत नाही, कोणी धड काही सांगून नाही राहिलं अन् घरात सगळे डायरेक्ट कॅन्सर धरूनच बसले. म्हणून इथं आलो. मॅडमनी निवांत समजावलं, स्मिअर म्हणजे निदान नाही, ती चाळणी आहे, शंका आली की बाजूला काढते बस. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतलं अस्तर पातळ पडतं अन् त्या पेशी काचेवर बिघडल्यासारख्याच दिसतात. इन्फेक्शन, सूज असली तरी तेच. अन् सॅम्पल काचेवर घेऊन लगेच फिक्स नाही केलं तर पेशी वाळून पसरतात, केंद्रक मोठं दिसतं, मग वाचणारा कितीही हुशार असो, त्याला संशय येणारच ना!

एचपीव्ही, म्हणजे ज्या व्हायरसमुळे हा कॅन्सर होतो त्याची टेस्ट केली, निगेटिव्ह. कोल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघतात ती) कराच म्हणून मागे नाही लागल्या, हे मला फार आवडलं. लावायची इस्ट्रोजेन क्रीम दिली, पुढच्या स्मिअरच्या आधी दोन दिवस ती बंद ठेवायला सांगितली, अन् तो रिपोर्ट नॉर्मल.

रिसेप्शनचं मात्र काही खरं नाही. भरल्या वेटिंगमध्ये "पॅप स्मिअरवाल्या काकू कोण?" असं ओरडतात का कोणी? आई लाजून अर्धी झाली. वरून अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला एकला, अन् मे महिन्यात कूलर नुसताच घोंघों करत होता. डॉक्टरसाठी चार स्टार, जुनी स्लाइड अन् रिपोर्ट दोन्ही सोबत न्या, मॅडम मागतात.